बाक कुणाच्या बाजूचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणितातले काही शब्द पाठ्यपुस्तकातच राहतात. काही मात्र आपल्या नकळत शेताच्या बांधापर्यंत आणि बँकेच्या पासबुकापर्यंत येऊन पोचतात. ‘बहिर्वक्र’ हा या दुसऱ्या जातीचा शब्द आहे. शाळेत चौकोन शिकताना तो एकदा भेटतो, परीक्षेपुरता लक्षात राहतो आणि मग विसरला जातो. आज त्याच्याविषयी बोलायचे, कारण बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पीक विम्याचे पैसे किती मिळणार, आणि डोळ्यांदेखत पीक जाऊनही ते कधी कधी का मिळत नाहीत, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या शब्दात दडलेला आहे.

सुरुवात जमिनीपासूनच करू. एका शेतात दोन माणसे उभी आहेत आणि त्यांनी एक दोरी ताणून धरली आहे. दोघे शेतात कुठेही उभे राहिले तरी दोरी शेताबाहेर जात नसेल, तर त्या शेताचा आकार बहिर्वक्र. चौकोनी वावर, तिकोनी पट्टी, गोल खळे हे सगळे बहिर्वक्रच. पण भावाभावांच्या वाटण्या होऊन काटकोनात वळलेले शेत घ्या. त्याच्या दोन टोकांना दोघे उभे राहिले, तर मधली दोरी भावाच्या वावरावरून जाते. ते शेत बहिर्वक्र नाही. बीडजवळ निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना विहीर आहे. तिच्या गोल काठावरच्या कोणत्याही दोन जागा दोरीने जोडा, दोरी विहिरीच्या तोंडावरच राहील. भूमितीतली बहिर्वक्रता ती एवढीच. आर्किमिडीजने ही कल्पना बावीसशे वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत मांडली होती.

आता जमिनीवरून कागदावर येऊ. आलेखाच्या कागदावर एक रेघ काढली आहे आणि ती वाटीसारखी खाली फुगलेली आहे. दोन खांबांना दोरी सैल बांधली की ती मध्ये ओघळते, तसा हा आकार. या रेघेवरचे कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले, तर ती सरळ रेषा वक्ररेषेच्या वरून जाते. धनुष्याची दोरी आणि कमान यांच्यामध्ये जशी मोकळी जागा असते, तशी जागा इथेही राहते. अशा आलेखाला गणितात बहिर्वक्र म्हणतात. वाटी पालथी घातली की तोच आकार अंतर्वक्र होतो आणि दोन बिंदू जोडणारी रेषा वक्ररेषेच्या खाली जाते. बोलताना आपण या दोन्हींना सोपा शब्द वापरू, ‘बाक’. प्रश्न एवढाच असतो, की बाक कोणत्या बाजूला आहे.

रोजच्या व्यवहारात असा बाक पाहायचा असेल तर चक्रवाढ व्याज बघावे. दरमहा शेकडा ३ दराने १०,००० रुपये काढले आणि एक पैसाही फेडला नाही, तर वर्षाने १४,२५८ रुपये होतात, दोन वर्षांनी २०,३२८ आणि तीन वर्षांनी २८,९८३. पहिल्या वर्षी ४,२५८ वाढले, दुसऱ्या वर्षी ६,०७०, तिसऱ्या वर्षी ८,६५५. सरळ व्याज असते तर दर वर्षी ३,६०० च वाढले असते. कर्जाची रेघ दर वर्षी अधिक उभी होत जाते, ती या बाकामुळे.

डेन्मार्कमध्ये योहान येन्सेन नावाचे एक गृहस्थ होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ते अभियंता होते आणि उरलेल्या वेळात गणित करीत. १९०६ मध्ये त्यांनी या बाकाविषयी एक नियम प्रसिद्ध केला. साध्या मराठीत तो असा सांगता येईल : जिथे बाक आहे, तिथे आधी सरासरी काढून मग हिशेब करणे आणि आधी प्रत्येकाचा हिशेब करून मग सरासरी काढणे, यांची उत्तरे सारखी येत नाहीत. आलेख वाटीसारखा असेल, तर प्रत्येकाचा वेगळा हिशेब केल्यावर येणारी सरासरी नेहमी मोठी किंवा फार तर तेवढीच असते. कमी कधीच नसते. जी माणसे, शेते किंवा वर्षे एकमेकांपासून जितकी वेगळी, तितका हा फरक मोठा.

वाचायला साधा वाटणारा हा नियम पैशाच्या जगात फार महत्त्वाचा ठरला. दहा वर्षांनी १,००० रुपये देणारा एक रोखा आहे असे समजा. बाजारात व्याजदर ८ टक्के असेल तर आज त्याची किंमत सुमारे ४६३ रुपये होते. दर ७ टक्क्यांवर उतरला तर किंमत ५०८ होते, म्हणजे ४५ रुपये फायदा. दर ९ टक्क्यांवर चढला तर किंमत ४२२ होते, म्हणजे ४१ रुपये तोटा. दर दोन्हीकडे एकेक टक्काच हलला, पण फायदा तोट्यापेक्षा जास्त निघाला. हा चार रुपयांचा फरक म्हणजेच रोख्याची बहिर्वक्रता. १९५२ मध्ये फ्रँक रेडिंग्टन या ब्रिटिश विमागणितज्ञाने विमा कंपन्यांना दाखवून दिले, की त्यांच्या गुंतवणुकीतला बाक त्यांच्या देण्यांतल्या बाकापेक्षा जास्त असायला हवा, तरच व्याजदर कोणत्याही बाजूला थोडेफार हलले तरी कंपनी सुरक्षित राहते. यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाक ज्याच्या बाजूने असतो, त्याला चढउतारातून फायदा होतो. ज्याच्या विरुद्ध असतो, त्याला चढउतार महागात पडतो. आणि बाक फुकट मिळत नाही, कुणी तरी त्याची किंमत मोजतच असतो.

मग शेतकऱ्याच्या बाजूला कोणता बाक आहे? उपाशी माणसाला पहिल्या भाकरीची जी किंमत वाटते, ती चौथ्या भाकरीची वाटत नाही. पीक वाढले की घरचे सुख वाढते, पण प्रत्येक वाढीव पोत्यामागे ते थोडे थोडे कमी वाढते. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये हे मांडले. हा पालथ्या वाटीचा आलेख, अंतर्वक्र. एका वर्षी दहा पोती आणि दुसऱ्या वर्षी दोन, यापेक्षा दोन्ही वर्षी सहा-सहा पोती मिळालेली कुठल्याही संसाराला परवडतात. बेरीज दोन्हीकडे बाराच, पण दोन पोत्यांच्या वर्षात जे दागिने मोडले जातात आणि जी शाळा सुटते, ते दहा पोत्यांच्या वर्षात भरून येत नाही. म्हणजे चढउतार शेतकऱ्याच्या विरुद्ध जातो. आणि बीड जिल्ह्यात चढउतारच फार. उत्तरेला गोदावरीकाठची गेवराई, माजलगावची काळी जमीन, मधून गेलेले बालाघाटचे डोंगर, पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासारचा कमी पावसाचा माळ. एका शिवारात पाऊस कोसळतो आणि बांधापलीकडच्या गावात धूळ उडत असते.

विमा काढायचा तो यासाठी. पीक विम्याच्या भरपाईचा आलेख लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा दिसतो. उत्पादन शून्य असेल तर भरपाई पूर्ण, ते घसरगुंडीचे वरचे टोक. उत्पादन वाढत जाईल तशी भरपाई सरळ उतरत येते. एका ठरावीक उत्पादनाला ती शून्य होते आणि पुढे घसरगुंडी जमिनीला टेकून आडवी राहते. त्या वळणाच्या बिंदूला आपल्याकडे ‘उंबरठा उत्पादन’ असा सुरेख शब्द आहे. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हा उंबरठा ठरतो तो असा : मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे. महाराष्ट्रात हा जोखीमस्तर ७० टक्के ठेवला गेला. चालू हंगामाचे उत्पादन या उंबरठ्याच्या जितके खाली, तितक्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेतला हिस्सा मिळतो.

घसरगुंडीच्या वरच्या टोकापासून खालच्या आडव्या टोकापर्यंत दोरी ताणली तर ती घसरगुंडीच्या वरून जाईल. म्हणजे हा आलेख बहिर्वक्र. शेतकऱ्याच्या संसाराचा बाक एका बाजूला, विम्याचा बाक बरोबर दुसऱ्या बाजूला. एकाने दुसऱ्याला सरळ करावे, हीच विम्यामागची कल्पना. फक्त एक अट आहे. घसरगुंडी शेतकऱ्याच्या स्वतःच्या उत्पादनावर बसवलेली असली पाहिजे.

आपल्याकडे ती तशी बसवलेली नाही. ती बसवली आहे महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. मंडळात अनेक गावे येतात. काही निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी निघते आणि तोच आकडा मंडळातल्या सगळ्या विमेदारांना लागू होतो. आता येन्सेनचा नियम इथे लावून पाहा.

सोयीसाठी समजा, एका मंडळात सोयाबीनची पाचच शेते आहेत, प्रत्येकी एक हेक्टरची. चांगल्या वर्षांची सरासरी १० क्विंटल, म्हणून उंबरठा ७ क्विंटल. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ४९,००० रुपये धरू. या हंगामात पाच शेतांत अनुक्रमे १२, १०, ७, ४ आणि २ क्विंटल पीक आले. बेरीज ३५, सरासरी ७. सरासरी बरोबर उंबरठ्यावर, म्हणून मंडळाला भरपाई शून्य. आता प्रत्येकाचा वेगळा हिशेब करू. पहिल्या तिघांना काही नाही, ते ठीकच आहे. ४ क्विंटलवाल्याची तूट सातात तीन, म्हणून त्याला २१,००० रुपये. २ क्विंटलवाल्याची तूट सातात पाच, म्हणून ३५,०००. दोघांचे मिळून ५६,००० रुपये, म्हणजे पाच शेतांवर सरासरी ११,२००. एका पद्धतीने शून्य, दुसऱ्या पद्धतीने ११,२००. पिके तीच, शेते तीच, सूत्रही तेच. फरक केवळ सरासरी आधी काढली की नंतर, एवढाच.

यात कुणी आकडे खोटे लिहिले नाहीत, कुणी मोजमापात लबाडी केली नाही. तरीही ४ आणि २ क्विंटलवाले दोघे रिकाम्या हाताने घरी गेले. शेजाऱ्याच्या चांगल्या पिकाने त्यांची भरपाई झाकून टाकली. उलट सगळ्या मंडळात सगळ्यांचेच पीक सारखे बुडाले, तर दोन्ही हिशेबांचे उत्तर जवळजवळ एकच येते. म्हणजे ही पद्धत सार्वत्रिक दुष्काळाला चांगली लागू पडते. ओढ्याला पूर येऊन काठची वावरे वाहून गेली, एका पट्ट्यात गारपीट झाली किंवा पावसाने दोन गावे सोडली, अशा नुकसानीला ती तोकडी पडते.

मग अशी पद्धत कुणी आणि का आणली? त्यामागे वाईट हेतू नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. क्षेत्रावर आधारलेल्या पीक विम्याची बाजू अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडली. मूळचे साताऱ्याचे दांडेकर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. त्यांचे म्हणणे व्यवहारी होते. देशातल्या कोट्यवधी लहान शेतांवर जाऊन प्रत्येक नुकसान मोजणे खर्चाला परवडणारे नाही. शिवाय स्वतःच्या पिकावर भरपाई ठरली, तर निगा राखण्याची ओढ कमी होते. मंडळाची सरासरी लावली की चांगली शेती करणाऱ्याचे नुकसान होत नाही, कारण त्याचे जादा पीक त्याचेच राहते. याच विचारातून १९७९ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली आणि १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना आली. युक्तिवाद खरा होता आणि अजूनही आहे. फक्त क्षेत्र जितके मोठे आणि पाऊस जितका लहरी, तितकी त्याची किंमत तळाच्या शेतकऱ्याला जास्त मोजावी लागते.

आता कंपनीची बाजू पाहू. घसरगुंडीचा बाक शेतकऱ्याच्या बाजूने असेल, तर तो विमा कंपनीच्या विरुद्ध असणार. जिथे चढउतार मोठे, तिथे कंपनीचा धोका मोठा. म्हणूनच २०२० च्या खरिपाच्या तोंडावर बीड जिल्ह्याचे काम घ्यायला विमा कंपन्या पुढे येत नव्हत्या. शेवटी सरकारी मालकीच्या भारतीय कृषी विमा कंपनीने ते घेतले, पण वेगळ्या कराराने. त्यालाच पुढे ‘बीड पॅटर्न’ किंवा ‘८०-११० चे सूत्र’ म्हणू लागले.

हे सूत्र समजून घेणे सोपे आहे. एकूण हप्ता १०० रुपये गोळा झाला असे धरा. त्यात शेतकरी, राज्य आणि केंद्र असे तिघांचे पैसे आले. भरपाई १५० रुपयांची निघाली, तर कंपनी ११० पर्यंतच देणार. वरचे ४० राज्य सरकारने भरायचे. भरपाई १० रुपयांचीच निघाली, तर ९० रुपये कंपनीने खिशात घालायचे नाहीत. तिने २० ठेवायचे आणि ७० सरकारला परत द्यायचे. भरपाई ९० निघाली तर उरलेले १० कंपनीचे. थोडक्यात, वर्ष कसेही जावो, कंपनीला जास्तीत जास्त २० चा फायदा आणि जास्तीत जास्त १० चा तोटा. घसरगुंडीची धोक्याची दोन्ही टोके सरकारने आपल्याकडे घेतली. गणिताच्या भाषेत सांगायचे तर बाक कंपनीकडून सरकारकडे गेला.

सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने हा चांगला बदल होता. भरपाई फारशी न निघालेल्या हंगामात हप्त्याचा मोठा भाग कंपनीकडे राहतो, ही जुनी तक्रार होती, तिच्यावर हे उत्तर होते. जून २०२१ मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांच्या भेटीत ही पद्धत राज्यभर लागू करण्याची मागणी केली आणि २०२२ च्या खरिपापासून ती राज्यात आली. एका दुष्काळी जिल्ह्याचे नाव देशाच्या विमा धोरणात गेले. याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण त्या अभिमानात एक गोष्ट निसटते. ८०-११० चे सूत्र कंपनी आणि सरकार यांच्यातले आहे. त्याने शेतकऱ्याच्या भरपाईचे सूत्र बदललेले नाही. आपल्या उदाहरणातले ४ आणि २ क्विंटलवाले दोघे बीड पॅटर्नच्या आधीही रिकाम्या हाताने गेले असते आणि नंतरही गेले. एक बाक आपण मोठ्या हुशारीने वाटून घेतला, सरासरीच्या पोटातला दुसरा बाक तसाच राहिला.

तो थोडाफार भरून काढण्यासाठी योजनेत काही जादा दारे होती. स्थानिक आपत्तीत शेतकऱ्याने स्वतःच्या शेताच्या नुकसानीची पूर्वसूचना द्यायची, पाहणी व्हायची आणि त्याचा वेगळा हिशेब व्हायचा. काढणीनंतर शेतात पडलेल्या पिकाच्या नुकसानीलाही अशी सोय होती. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विमा देणे थांबवले, शेतकऱ्याचा खरिपाचा हप्ता पुन्हा २ टक्क्यांपर्यंत, नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत नेला, आणि ही जादा दारे बंद करून भरपाई पीक कापणी प्रयोगावरच बसवली. जादा दारांतून खोटे दावे होत होते, अशी सरकारची बाजू होती आणि तिच्यात तथ्य होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बीड जिल्ह्यातल्या नद्यांना पूर आले. नदीकाठचे शेत खरवडून गेले आणि उंचावरचे पीक तगून राहिले, अशा वेळी सरासरी काय सांगते आणि काय लपवते, हे आपण तेव्हा पाहिले आहे.

यावर उपाय काय? पहिला सरळ आहे, सरासरीचे क्षेत्र लहान करणे. मंडळाऐवजी गाव घेतले, तर एकमेकांपासून फार वेगळी शेते एका आकड्यात कोंबली जात नाहीत आणि येन्सेनची तफावत कमी होते. पण गावे जास्त म्हणजे प्रयोग जास्त, आणि प्रयोग मोजकेच केले तर मोजणीतली चूक वाढते. उंबरठ्याजवळ ही चूकही बाकात सापडते. खरे उत्पादन ७ असताना चुकून ६ मोजले तर भरपाई द्यावी लागते, चुकून ८ मोजले तर काही परत येत नाही. म्हणून कंपन्या लहान क्षेत्राला जादा हप्ता मागतात. त्यांचेही गणित खोटे नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उत्पादनाचा अंदाज घेण्याची पद्धत केंद्राने २०२३ पासून काही पिकांसाठी आणली, तिचा खरा उपयोग इथेच होऊ शकतो. गावागावांतला फरक स्वस्तात दाखवायला तिची मदत होईल. मात्र उपग्रह वापरून पुन्हा मंडळाचीच सरासरी काढायची असेल, तर बाक जिथल्या तिथेच राहील.

दुसरा उपाय आपल्या हातातला आहे. आपल्या मंडळाचे उंबरठा उत्पादन किती, यंदा पीक कापणी प्रयोग कोणत्या गावांत आणि कोणत्या गटांत पडले, हे विचारावे. प्रयोगाच्या दिवशी गावातल्या चार जाणत्यांनी बांधावर हजर राहावे. सलग वाईट वर्षे आली की चांगली पाच वर्षेही फारशी चांगली उरत नाहीत आणि उंबरठा स्वतःच खाली सरकतो, हेही ध्यानात ठेवावे. या चौकशीने सूत्र बदलणार नाही, पण सूत्रात जाणारा आकडा तरी खरा असेल.

जिल्ह्यात यंदा सरासरीइतका पाऊस झाला, मंडळाचे सरासरी उत्पादन समाधानकारक आहे, ही वाक्ये आपण दर वर्षी ऐकतो. ती खरी असतात. पण ज्या व्यवहारात उंबरठा आहे, तिथे सरासरीचे खरे बोलणेही अपुरे असते. म्हणून सरासरी ऐकली की पुढचे दोन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ : ही सरासरी किती गावांची, आणि तिच्या खाली किती जण राहिले? त्या खाली राहिलेल्यांसाठीच तर विमा काढलेला असतो.